दुकानदारांनी स्वतःचं दुकान स्वतःच बुडवलं?

एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘गावातली दुकानं बंद पडताहेत म्हणून हळहळू नका. या लोकांनी लॉकडाऊनमध्ये दुप्पट भाव लावून पैसा कमावला, वर्षानुवर्षं एमआरपीने लुटलं, काळाप्रमाणे बदलले नाहीत. ऑनलाइन स्वस्त मिळतं, त्यात ग्राहकाचा फायदाच आहे. ज्याला धंदा जमत नाही त्याने दुसरं काम बघावं.’

मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची रिटर्न भरतो. ही दुकानं खचताना मी त्यांच्या वह्यांत पाहिली आहेत, म्हणून या मेसेजला उत्तर देणं मला भाग आहे.

आधी लॉकडाऊनमधल्या कमाईचं. तेव्हा काही किराणावाल्यांनी तेल-डाळीचे भाव चढवले, हे खरं आहे आणि ते चूकच होतं. पण पेठ म्हणजे फक्त किराणा नव्हे. कापड, भांडी, चपला, कटलरी, स्टेशनरी, घड्याळं ही सगळी दुकानं तेव्हा बंद होती. मेसेज लिहिणाऱ्याने त्यांचा विचारच केलेला नाही, आणि बंद पडलेल्या दुकानांत जास्त भरणा त्यांचाच आहे.

आमच्याकडे कापडवाल्याचं वर्ष लगनसराईवर चालतं. बस्त्याचा माल माघ-फाल्गुनात भरायचा. सुरत, इचलकरंजी, सोलापूरहून तो उधारीवर येतो आणि बिलं पुढच्या दोन-तीन महिन्यांत, विक्री झाली की चुकवायची. २०२० मध्ये दुकानं अशीच भरलेली होती. देशभर लॉकडाऊन लागला २५ मार्चला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. माल रॅकवर, गिऱ्हाईक घरात, लग्नं पन्नास माणसांत किंवा पुढे ढकललेली. पुढच्या वर्षी पुन्हा हिंमत करून माल भरला, तर ५ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात जीवनावश्यक सोडून बाकी दुकानांना टाळं लागलं, ते जूनपर्यंत. पाडवा, अक्षय्य तृतीया, रमजान ईद, तिन्ही त्यात गेले. लागोपाठ दोन लगनसराया बुडाल्या. शिवाय साडीची फॅशन वर्षभरात शिळी होते, त्यामुळे मागचा माल खरेदीच्याही खाली काढावा लागला. गाळ्याचं भाडं, नोकरांचे पगार, वीजबिल आणि बँकेचं व्याज मात्र थांबलं नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण त्या महिन्यांचं व्याज चढतच होतं.

हे खड्डे मालकाने कसे भरले, ते वहीत दिसतं. आधी ठेवी मोडल्या, मग सोनं गहाण गेलं, मग पतसंस्थेचं कर्ज आलं. २०२१ च्या पावसाळ्यात दुकान उघडलं आणि बाहेरून पूर्वीसारखंच दिसू लागलं, पण आत स्वतःचं भांडवल उरलं नव्हतं, सगळा व्यवहार व्याजाच्या पैशावर सुरू होता. असं दुकान लगेच पडत नाही. दोन-चार वर्षं तग धरतं आणि एखाद्या वाईट हंगामात बसतं. तोवर लोक मूळ कारण विसरलेले असतात, मग ‘मालकाला जमलं नाही’ म्हणणं सोपं जातं.

सरकारने पॅकेज दिलं होतं ना, असंही विचारलं जातं. मे २०२० मध्ये सरकारी हमीच्या तीन लाख कोटींच्या कर्जाची योजना आली. तिची अट अशी की २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याचं कर्ज बँकेत किंवा वित्तसंस्थेत चालू होतं, त्यालाच त्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत वाढीव कर्ज मिळेल. ज्याने जन्मभर कर्जाशिवाय, गल्ल्यातल्या पैशावर दुकान चालवलं त्याला काहीच नाही, आणि पतसंस्थेच्या कर्जदारालाही नाही. किरकोळ व्यापाराला तर २०१७ मध्ये लघुउद्योगांच्या यादीतून वगळलं होतं. परत घेतलं ते २ जुलै २०२१ ला, दुसरी लाट ओसरल्यावर, आणि तेही केवळ प्राधान्यक्षेत्रातल्या, म्हणजे बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा, कर्जापुरतं.

एमआरपीने लुटल्याचा आरोप. भुसार मालावर सुटतं ते शेकड्याला दोन-तीन रुपये, साबण-बिस्किटावर साधारण आठ-दहा. त्यातच भाडं, वीज, उंदरांनी खाल्लेला आणि मुदत संपलेला माल. ज्या भावाला ऑनलाइन कंपनी विकते, त्या भावाला कित्येक वस्तू आमच्या दुकानदाराला एजन्सीतून मिळतसुद्धा नाहीत. मोठ्या खरेदीदाराला कंपन्या वेगळा दर देतात. याच तफावतीवरून २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. महाग विकणारा आणि महाग घ्यावं लागणारा, यांत फरक करायला हवा.

काळाप्रमाणे बदलले नाहीत, हे तर निखालस खोटं. क्यूआर कोड नाही असं दुकान आमच्या पेठेत दाखवा. यादी फोनवर घेऊन माल घरपोच देणारे कितीतरी आहेत. आणि ऑनलाइन का विकलं नाही याचं उत्तर कायद्यात आहे. ज्याची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, किंवा जो कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या सोप्या पद्धतीत आहे, त्याला १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत ई-कॉमर्स कंपन्यांच्या मंचावर माल विकताच येत नव्हता. लहान दुकानदार बहुतेक याच दोन गटांत मोडतात. दार उघडलं तेव्हा जीएसटी येऊन सहा वर्षं उलटून गेली होती. आणि आधुनिक झालं म्हणजे दुकान टिकतं, असं असेल तर बिग बझार का बुडालं?

आता ग्राहकाचा फायदा. शहरातल्या पगारदाराला तो होतो, मान्य. पण आमच्या भागातलं गिऱ्हाईक शेतकरी आणि शेतमजूर आहे. मृगात तो वहीवर माल नेतो आणि सोयाबीनची रास झाली की खातं मिटवतो. त्याच्याकडे ना पगाराची चिठ्ठी, ना क्रेडिट कार्ड. ही उधारी बिनव्याजी असते, किंवा भावात थोडं इकडेतिकडे करून दिलेली. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीत चार हजारांच्या आसपास विकलं जात होतं. ओलाव्याच्या अटीमुळे सरकारी केंद्रावर माल परत जात होता, नोव्हेंबरात ती अट बारावरून पंधरा टक्क्यांवर आणावी लागली. मग खाती निम्मीच मिटली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेली, तेव्हा ती बाकी आणखी वाढली. शेतकऱ्याचा तोटा अर्धा दुकानदाराने उचलला, हे मी खात्यांच्या पानांवर पाहिलं आहे. दुकान गेलं की मृगातली साखर, तेल, मुलांची दप्तरं उधार देणारं दुसरं कोणी नसतं. मग सावकार किंवा आठवड्याचा हप्ता घेणारी मायक्रोफायनान्स कंपनी. कापड दुकानाच्या आधाराने फॉल-पिको करणाऱ्या बायका आणि ब्लाउज शिवणारे शिंपी बसतात, त्यांचं काम जातं ते वेगळंच.

राहिलं ‘दुसरं काम बघावं’. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तालुक्याच्या गावात कोणतं काम मिळतं, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. दुकान बंद करणंही सोपं नाही. कंपनी बुडाली तर संचालकाने वैयक्तिक हमी दिलेली नसल्यास त्याचं घर सहसा शाबूत राहतं. इथे मालक आणि दुकान कायद्याने एकच, त्यामुळे दुकानाचं देणं घरावर येतं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात व्यक्ती आणि भागीदारी धंद्यांसाठी स्वतंत्र भाग लिहिलेला आहे, एकट्या मालकाचा धंदाही त्यात येतो, पण कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे सोडले तर इतरांसाठी तो अजून अमलात आणलेला नाही. त्यामुळे शटर ओढल्यावरही कर्ज चालूच राहतं आणि वसुलीची नोटीस घरी येते. तो भाग अमलात आणा, पतसंस्थांना एकरकमी तडजोडीसाठी सवलत द्यायला लावा, आणि पुढच्या संकटात मदत जुन्या कर्जावर न जोखता जीएसटीच्या रिटर्नवर जोखा. ती रिटर्न मीच भरतो. ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यापैकी कोणत्या महिन्यात किंवा तिमाहीत कोणाची विक्री शून्य होती, ते सरकारकडे नोंदलेलं आहे.