शोभेचा संन्यासी नेमणे आहे

अठराव्या शतकातल्या इंग्लिश जमीनदारांना नुसती बाग पुरेना. तळं खोदून झालं, मुद्दाम पडके अवशेषही बांधून झाले. आता पाहुण्यांना दाखवायला कुटीत एक जिवंत बैरागी हवा! विरक्तीची हौस मालकाला, दाढी मात्र दुसऱ्याने वाढवायची.

सरे परगण्यातल्या पेन्सहिलच्या चार्ल्स हॅमिल्टनने ठेवलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अटी वाचल्या की मला आपली नोकरी गोड वाटू लागते. मुदत सात वर्षं. मिळणार काय, तर बायबल, चष्मा, पायाखाली चटई, उशाला गवत भरलेली गादी आणि वाळूचं घड्याळ. अंगात जाड लोकरी झगा. केस, दाढी, नखं कापायची नाहीत. (पाचव्या वर्षी त्या नखांनी बायबलचं पान कसं उलटायचं, हे अटींत नाही.) जेवण वाड्यातून येणार, पण आणणाऱ्या नोकराशी चकार शब्द बोलायचा नाही. म्हणजे आमटीत मीठ नसलं तरी सात वर्षं अळणीच.

कुटी वेड्यावाकड्या खोडांवर आणि मुळांवर उभी. लांबून फार सुंदर दिसते. आत राहणाऱ्याला कळतं की वाकडं खोड वाकड्या खोडाला कधीच नीट चिकटत नाही, फट राहतेच, आणि सरेचा पाऊस फट बरोबर शोधतो.

खरी मेख पगारात आहे. 700 गिनी (त्या काळची इंग्लिश सोन्याची नाणी), त्याही सात वर्षं पुरी झाल्यावर एकरकमी. सहाव्या वर्षी तोंड उघडलं तरी हाती भोपळा. हॅमिल्टनचा संन्यासी तीन आठवड्यांत गावच्या दारूच्या गुत्त्यात सापडला म्हणतात. मी त्याला दोष देणार नाही.

प्रेस्टनजवळच्या एका धन्याने जन्मभर वर्षाला 50 पौंड, हवी तेवढी पुस्तकं आणि वाजवायला ऑर्गन देऊ केला, पण राहायचं तळघरात. तिथला गडी चार वर्षं टिकला. ऑर्गनचा गुण असावा.

श्रॉपशर परगण्यातल्या हॉकस्टोन या जमीनदारी बागेत काम त्यामानाने हलकं. टेबलावर कवटी, वाळूचं घड्याळ, पुस्तक आणि चष्मा मांडून बसायचं, पाहुणे आले की उठून उभं राहायचं. पुढे तिथे पुतळा बसवला. त्याला ना जेवण लागे, ना गुत्ता.