‘लातूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वनस्पती उद्यानात मुलांसाठी पाण्यात खेळण्याची जागा असावी, या माझ्या लेखावर ‘लातूरकर’ या टोपणनावाने प्रतिक्रिया आली : ‘मराठवाड्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला सिंगापूरची थेरं सुचतात. ते पाणी मुलांच्या पोटात गेले तर जबाबदार कोण? निदान साल तरी नीट लिहा.’

सालाची चूक मान्य. सिंगापूर वनस्पती उद्यानातील जेकब बॅलस बालोद्यान २००७ मध्ये सुरू झाले. माझ्या हातून २००६ लिहिले गेले. दाखवून दिल्याबद्दल आभार. मात्र ‘थेरं’ हा शब्द मला खटकला. मतभेद सभ्य भाषेतही मांडता येतो, आणि लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्याला तर तो सहज मांडता यावा.

प्यायला पाणी नसणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी त्याच शहरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. रात्री दोन वाजता टँकरची चाहूल लागली की घागरी घेऊन जिना उतरत होतो, आणि आईने त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेले पाणी तुळशीला घातल्याशिवाय मोरीत सोडले नाही. लेखात मी याहून वेगळे काय लिहिले होते? उद्यानातील झाडांना पाणी द्यावेच लागते. मुळाशी जाण्याआधी ते फरशीतून उडणाऱ्या कारंज्यांवाटे मुलांच्या अंगावरून गेले, तर उद्यानाचे असे किती नुकसान होते? (उन्हाने थोडे उडून जाईल, हे खरे, म्हणूनच मी संध्याकाळची वेळ सुचवली होती.) अशा जागी पाणी साचू देत नाहीत, त्यामुळे तलाव भरून ठेवावा लागत नाही आणि मूल बुडण्याची धास्तीही राहत नाही. शिवाय एकाच पाण्याकडून दोन कामे करून घ्यायला सिंगापूर गाठावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दळण दळले जाई, आणि तेथील हौदही त्याच पाण्यावर भरे. त्यालाही आपण थेरं म्हणणार का?

पोटात जाणाऱ्या पाण्याविषयी म्हणाल, तर गाळण, क्लोरीन वगैरे देखभालीच्या बाबी आहेत आणि त्या देखभाल करणारे पाहतील.

आपण टोपणनावाने लिहिता, त्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात आपण कोणत्या रांगेत उभे होतात, हे मला कळायला मार्ग नाही.