विभक्त होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या देशाने एखाद्या राजकीय-आर्थिक संघातून बाहेर पडावे, असे आपल्या मनाने घेतले असेल तर विलंब करू नये. या विषयात चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण ब्रिटनने युरोपीय संघ सोडला ती सारी हकिगत मी रावेर तालुक्यातील आमच्या ओट्यावर बसून वाचली आहे, आणि आमच्या घरची वाटणी तर त्याच ओट्यावर झाली आहे.

हिशेब मोठ्या अक्षरांत मांडावा आणि त्यात वजाबाकी येऊ देऊ नये. २०१६ साली ब्रिटनमध्ये एक लाल बस फिरत होती. आपण संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, असे तिच्यावर लिहिले होते. त्यातील सवलतीची रक्कम मुळात देशाबाहेर जातच नव्हती आणि बाकीच्यातीलही काही शेतीच्या अनुदानातून परत येत होती, पण एवढे सगळे बसवर कुठे मावणार? आमच्या धाकट्या काकांनीही वहीत असाच हिशेब मांडला होता. त्यांच्या मुलीचे लग्न एकत्र खात्यातूनच झाले, तेवढी ओळ लिहायची राहून गेली.

मत घ्यावे, परंतु बाहेर कसे पडायचे हे विचारू नये. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के ब्रिटिश मतदार ‘बाहेर’ म्हणाले. मात्र बाहेर म्हणजे नेमके कुठे, यावर त्यांच्या संसदेने २०१९ मध्ये आपल्याच सरकारचा करार तीनदा फेटाळला. मुहूर्तही साधता आला तर उत्तम. मार्च २०१७ मध्ये ब्रिटनने संघ सोडण्याची रीतसर नोटीस दिली, आणि त्याच वर्षी १ जुलैला आपल्याकडे जीएसटी येऊन राज्यांच्या सीमांवरील करनाके उठले. आमच्या केळीच्या गाड्यांचा एक खोळंबा संपला, आणि तिकडे ज्या मालाला कागद लागत नव्हता त्याच्यासाठी जकातीची घोषणापत्रे व आरोग्य-प्रमाणपत्रे तयार होऊ लागली.

विहिरीचा विषय मात्र शेवटपर्यंत काढू नये. शेताच्या मधोमध बांध घालता येतो, विहीर चिरता येत नाही. आमची विहीर काकांच्या वाट्यात गेली आणि पाइपलाइन आमच्या, त्यामुळे आठ दिवस त्यांची पाळी, आठ दिवस आमची, आणि वीज रात्रीची असेल तर दोन्ही घरांत जागरण. ब्रिटनची विहीर म्हणजे उत्तर आयर्लंड: तो ब्रिटनच्या वाट्याचा, आणि त्याला जमिनीने जोडलेला बाकीचा आयर्लंड हा संघातच राहिलेला वेगळा देश. १९९८ च्या शांतता करारानंतर आयर्लंडच्या दोन भागांमध्ये पुन्हा फाटक उभारायला कोणीच तयार नव्हते. तेव्हा तपासणी ब्रिटनचे बेट आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रावर नेण्यात आली, आणि इंग्लंडमधील सॉसेज त्याच देशाच्या दुसऱ्या भागात पाठवायचे की नाही, यावर २०२१ मध्ये संघाशी वाद झडला. सार्वभौमत्व मिळाले ते असे, स्वतःच्याच घरात माल नेताना कागद दाखवण्याइतके. २०२३ च्या विंडसर करारात त्याच मालासाठी दोन वाटा आखाव्या लागल्या, उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्यासाठी हिरवी आणि पुढे संघात जाऊ शकणाऱ्यासाठी लाल. आमच्याकडे रंग न लावता काम भागले, फक्त पंच तीनदा बोलवावे लागले.

लाभ काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. संघात राहून जो करता आला नसता, तो भारताबरोबरचा स्वतंत्र व्यापार करार ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये केला. पासपोर्टही निळा झाला. तो संघात राहूनही निळा ठेवता येतो हे क्रोएशियाने दाखवले होते, पण क्रोएशियाकडे कोण पाहतो! अर्थसंकल्पाचे अंदाज बांधणारी त्यांचीच स्वतंत्र संस्था दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असे धरून चालते, तेवढे वाचू नये.

पूर्वी आमच्या बागेतून एका वेळी पूर्ण गाडी भरे, म्हणून व्यापारी बोर्ड भावावर, म्हणजे केळीच्या जाहीर होणाऱ्या दरावर, चार पैसे जास्त देई. आता अर्धी गाडी आमची, अर्धी काकांची. बोर्ड भाव तोच, वरचे चार पैसे गेले. ब्रिटनही मे २०२५ मध्ये संघाबरोबर पुन्हा बसले. युरोपीय बोटींना मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून मिळाली, आणि खाद्यपदार्थांची तपासणी हलकी व्हावी म्हणून संघाचे त्याबाबतचे नियम, ते पुढे बदलतील तसे, पाळण्याचे ब्रिटनने तत्त्वतः मान्य केले. ते नियम ठरवणारी खुर्ची त्यांनी २०२० मध्येच मोकळी केली होती.

तेव्हा आपण निघायचे ठरवलेच असेल, तर एवढे करावे: मोटरच्या पेटीची दुसरी किल्ली वाटणीच्या आधीच करून घ्यावी. आमची अजून काकांकडेच आहे, आणि पाळीच्या पहिल्या रात्री ती मागायला मलाच जावे लागते.