उझबेक कापसाची वेठबिगारी खरंच 'एका आदेशात' संपली का?

उझबेकिस्तानबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: 'तिथे दरवर्षी लाखो लोकांना जबरदस्तीने कापूस वेचायला पाठवत. नवा राष्ट्राध्यक्ष आला आणि त्याने एका आदेशात हे बंद केलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना म्हणजे आयएलओ, वर्ल्ड बँक, परदेशी कंपन्यांचा बहिष्कार हा सगळा देखावा, पाश्चिमात्य डाव होता. बहिष्काराने गरिबांच्याच पोटावर पाय आला. मुळात सामूहिक श्रम ही तिथली परंपरा. आणि आता तर प्रश्न सुटलाच आहे.'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढचं एकेक वाक्य तपासून घ्यायला हवं, कारण असले मजकूर वाचून माणसं 'बाहेरून कुणी काही बोलून फरक पडत नाही' असा निष्कर्ष काढतात आणि तो घातक आहे.

आधी 'एका आदेशात' हे घेऊ. इस्लाम करिमोव सप्टेंबर 2016 मध्ये वारले आणि शवकत मिर्झियोयेव सत्तेवर आले. हे मिर्झियोयेव कुठून उगवले नव्हते. 2003 पासून तेरा वर्षं ते त्याच करिमोव यांचे पंतप्रधान होते आणि कापसाच्या हंगामावर देखरेख ठेवणं हे त्यांच्याच कामांपैकी एक होतं. म्हणजे ज्या माणसाच्या हाताखाली वेठबिगारी चालली, त्यानेच ती थांबवायला सुरुवात केली. याचं श्रेय त्यांना जरूर द्या. पण तेरा वर्षं जे दिसत होतं ते अचानक खुपायला का लागलं, हा प्रश्न हा मजकूर विचारतच नाही.

उत्तर बऱ्याच अंशी पैशात आहे. मिर्झियोयेव यांना देश उघडायचा होता. परदेशी कर्ज हवं होतं, गुंतवणूक हवी होती, कच्चा कापूस विकण्याऐवजी सूत आणि कपडे विकून रोजगार निर्माण करायचा होता. आणि कापडाच्या जगात शिरायचं म्हटलं की दारावर पाटी लागलेली: उझबेक कापूस चालणार नाही. तीनशेहून अधिक कंपन्यांनी तशी लेखी हमी देऊन ठेवली होती. युरोपियन संसदेने डिसेंबर 2011 मध्ये उझबेकिस्तानबरोबरचा कापडव्यापाराचा करार याच कारणासाठी अडवून धरला आणि तो पाच वर्षं अडकून राहिला. ही अडचण नसती तर सुधारणेची घाई कुणाला होती?

आणि 'आदेश' म्हणाल तर तो एक नव्हता. 2012 मध्ये, करिमोव असतानाच, लहान मुलांना शेतात नेणं बरंच कमी झालं. त्याआधी शाळाच्या शाळा रिकाम्या करून दहा-अकरा वर्षांची पोरं सुद्धा वेचणीला जुंपत. मुलं सुटली, पण त्यांच्या जागी कॉलेजची मुलं, शिक्षक आणि नर्सेस यांच्यावर भार वाढला. 2013 मध्ये आयएलओचं निरीक्षण सुरू झालं, 2015 पासून वर्ल्ड बँकेच्या करारानुसार दर हंगामाला. सप्टेंबर 2017 मध्ये मिर्झियोयेव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत यावर बोलले आणि त्याच सुमारास ऐन हंगामात विद्यार्थी, शिक्षक, आरोग्य कर्मचारी यांना शेतातून परत बोलावलं गेलं. तरीही त्या वर्षी आयएलओच्या अंदाजानुसार सुमारे 3 लाख 36 हजार लोक जबरदस्तीने कापूस वेचत होते. 2018 मध्ये 1 लाख 70 हजार. 2019 मध्ये 1 लाख 2 हजारांच्या आसपास. 2020 च्या सुरुवातीला वेठबिगारीला फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा आला, मार्चमध्ये सरकारी कापूस-कोटा रद्द झाला आणि 2021 च्या हंगामात वेचणाऱ्यांपैकी जबरदस्ती झालेल्यांचं प्रमाण एका टक्क्यावर आलं. दरवर्षी मोजणी होत गेली, म्हणून आकडा दरवर्षी खाली आला.

आता 'गरिबांच्या पोटावर पाय'. हा मुद्दा वरवर माणुसकीचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

जुनी रीत अशी होती. ताश्कंदहून प्रत्येक प्रांताच्या हाकिमाला, म्हणजे प्रशासकाला, कापसाचं लक्ष्य यायचं. हाकिम ते जिल्ह्यांना, जिल्हे शाळा-दवाखान्यांना वाटून द्यायचे. शेतकऱ्याने काय पेरायचं हे सरकार ठरवणार, किती पिकवायचं तेही सरकार आणि विकायचं सरकारलाच, सरकारी भावात. सरकार तोच माल जागतिक बाजारात विकणार आणि त्यातला बराच पैसा अर्थ खात्याच्या अखत्यारीतल्या, हिशेब जाहीर न होणाऱ्या एका निधीत जाणार. या साखळीत गरिबाचं पोट नक्की कुठे होतं?

दवाखान्यातली एखादी नर्स घ्या. सप्टेंबरमध्ये तिची पाळी लागायची. दिवसाला साठेक किलोचा नेम. पहिल्या वेचणीत बोंडं भरलेली असतात, तेव्हा सवयीचा हात तेवढं वेचतो. विदर्भातल्या कुठल्याही वेचणारणीला विचारा, ती सांगेल की शेवटच्या वेचणीत दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. नोव्हेंबरात झाडाला बोंडं उरलेली नसतानाही नेम मात्र सुटत नसे. कमी पडलं तर कमी पडलेल्या किलोंचे पैसे खिशातून. जायचंच नसेल तर 'मर्दिकोर', म्हणजे रोजंदारीचा मजूर, आपल्या जागी पाठवायचा आणि त्याची मजुरी तुटपुंज्या पगारातून भरायची. नकार दिला तर नोकरी जायची भीती. हा माल जगाने घेतल्याने या बाईच्या ताटात काय वाढणार होतं?

झालं ते उलटं. जबरदस्तीने माणसं मिळेनाशी झाली तशी वेचणीची मजुरी वाढवावी लागली, आणि मजुरी वाढली तशी खेड्यातल्या, दुसरं काम नसलेल्या बायका आपणहून यायला लागल्या. आज वेचणाऱ्यांत बहुसंख्य त्याच आहेत. फुकटातला माणूस मिळतोय तोवर कुणीही मजुरी वाढवत नाही; हे ताश्कंदला जितकं खरं तितकंच इथेही.

परंपरेचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. 'हशर' नावाची श्रमदानाची रीत उझबेक समाजात खरोखर आहे; शेजाऱ्याचं घर बांधायला, गावाचा पाट साफ करायला माणसं एकत्र येतात. हशरला न आल्याबद्दल कुणाला नोकरीवरून काढत नाहीत.

'देखावा' या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वर्ल्ड बँक वेठबिगारी चालू असतानाच तिथल्या शेतीसाठी कर्ज देत होती. आयएलओने सुरुवातीच्या पाहण्या सरकारच्या कलाने चालणाऱ्या कामगार महासंघाला बरोबर घेऊन केल्या, त्यावर सडकून टीका झाली आणि ती योग्यच होती. अमेरिकेला अफगाणिस्तानात रसद न्यायला उझबेकिस्तानची वाट हवी होती, त्यामुळे वॉशिंग्टन बरीच वर्षं जपून बोलत होतं. पण मग हा 'पाश्चिमात्य डाव' होता म्हणणाऱ्यांची अडचण होते: मोठी सरकारं तर नरमच होती. नेट लावला तो संघटनांनी, ग्राहकांनी आणि मुख्य म्हणजे खुद्द उझबेक माणसांनी.

त्यांची नावं या मजकुरात कुठेच नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. येलेना उर्लायेवा वर्षानुवर्षं शेतांत जाऊन वेचणाऱ्यांशी बोलायच्या, फोटो काढायच्या. त्यांना अटका झाल्या, 2015 मध्ये पोलिसांनी अंगझडतीच्या नावाखाली अत्यंत अपमानास्पद वागणूक दिली. मार्च 2017 मध्ये वर्ल्ड बँक आणि आयएलओच्या प्रतिनिधींशी त्यांची भेट ठरली होती. आदल्या दिवशी त्यांना उचलून मनोरुग्णालयात डांबलं. सुधारणा 'एका आदेशात' करणाऱ्या नव्या राजवटीतलीच ही गोष्ट. उमिदा नियाझोवा 2007 मध्ये तुरुंगात जाऊन आल्या, देश सोडावा लागला, आणि बर्लिनमधून त्यांनी उझबेक फोरम ही मानवाधिकार संघटना उभी केली. देशातले निरीक्षक गुपचूप माहिती गोळा करायचे, फोरम ती दर हंगामाला जगापुढे मांडायचा. या माहितीशिवाय कंपन्यांकडे माल नाकारायला पुरावा नव्हता आणि आयएलओला 'सगळं ठीक आहे' म्हणणं सोपं होतं.

शेवटचं वाक्य: 'प्रश्न सुटलाच आहे'. मार्च 2022 मध्ये आयएलओने सरकारी पातळीवरची पद्धतशीर वेठबिगारी संपल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात कॉटन कॅम्पेन या आघाडीने बहिष्कार उठवला. हे मोठं यश आहे. पण त्यानंतरच्या हंगामांतही मजूर कमी पडले की स्थानिक अधिकारी सरकारी कर्मचाऱ्यांवर दबाव टाकतात, हे उझबेक फोरमने नोंदवलं आहे. हाकिम आजही हंगामाला जबाबदार धरला जातो. 'क्लस्टर' नावाच्या खासगी कंपन्यांनी सरकारची जागा घेतली, पण कुणाला कापूस विकायचा हे शेतकरी अजून मोकळेपणाने ठरवू शकत नाही. स्वतंत्र संघटनांना नोंदणी मिळवताना नाकी नऊ येतात.

आणि सीमेपलीकडे तुर्कमेनिस्तान आहे. तोच सोव्हिएत वारसा, तीच लक्ष्यं, तेच शिक्षक-डॉक्टर शेतात. 2016 मध्ये तिथल्या वेचणीचं वार्तांकन केल्यावर गास्पर मतालायेव या पत्रकाराला पकडलं आणि तीन वर्षं तुरुंगात ठेवलं. वायूच्या विक्रीवर चालणाऱ्या त्या सरकारला कापडाच्या बाजारपेठेची फारशी गरज नाही, म्हणून दबाव तिथे कमी पडतो. अमेरिकेने 2018 मध्ये त्या कापसावर बंदी घातली, तरी तो इतर देशांत सूत आणि कापड होऊन पुढे सरकतो. युरोपियन युनियनने 2024 मध्ये वेठबिगारीतून बनलेल्या मालावर बंदीचा कायदा केला असून तो डिसेंबर 2027 पासून लागू होईल. युरोपला माल पाठवणाऱ्याला तेव्हा सूत कुठल्या कापसाचं, याचा जाब द्यावा लागू शकतो, मग तो कारखाना इस्तंबूलचा असो की इचलकरंजीचा.