पंचवीस पॉईंट सहा

गेल्या महिन्यात आमच्या मशीनशॉपमध्ये चौदा पिना भंगारात गेल्या. नवीन पोराने व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या पट्टीवर) 25.06 मिलिमीटर वाचलं आणि वहीत 25.6 लिहिलं. त्या आकड्यावर ऑफसेट, म्हणजे मशीनला किती जास्त कापायचं ते, दिला गेला आणि पिना अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बारीक निघाल्या. (पहिला पीस कुणी तपासला नाही, ती चूक आमची.) विचारलं तर पोरगं म्हणालं, "सर, शून्याची किंमत काय नसतीय न्हवं?"

हे पोरगं निपाणीकडचं, कर्नाटकात मराठी माध्यमातून दहावी झालेलं. शेजारच्या मशीनवरचा जतचा, म्हणजे महाराष्ट्रातला, पण शिकला कन्नडमधून. त्याला तोच आकडा लिहायला दिला. त्यानेही 25.6 लिहिलं! दोन राज्यं, दोन भाषा, चूक एकच.

गंमत बघा. बालभारती जत-अक्कलकोटच्या मुलांसाठी गणिताचं पुस्तक कन्नडमध्ये छापते. कर्नाटक सरकार बेळगाव-खानापूरच्या मुलांसाठी तेच गणित मराठीत छापतं. मराठीतली भूमिती कन्नडमध्ये रेखागणित होते, अपूर्णांक भिन्नराशी होतो, बीजगणित मात्र दोन्हीकडे बीजगणितच. तेच काम दोघं वेगवेगळं करतात, आणि दशांश चिन्हानंतरचं शून्य मुलाच्या डोक्यात कसं बसवायचं यावर इकडच्या कागलचे आणि तिकडच्या निपाणीचे गुरुजी एकत्र बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं.

आता लोक म्हणणार, सीमाप्रश्न सुटल्याशिवाय कसलं सहकार्य? 1956 पासून चाललंय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. वातावरण तापलं की सगळ्यात आधी एसटी बंद होते. माझी भूमिका मराठी माणसाची आहे तीच आहे, त्यावर कमेंटमध्ये भांडू नका. पण आग्नेय आशियाकडे बघा. ऑगस्ट 1965 मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं, कडवटपणे. इंडोनेशिया आणि मलेशियाची चकमक तर 1966 पर्यंत चालू होती. तरी नोव्हेंबर 1965 मध्ये मलेशिया, सिंगापूर, थायलंड, फिलिपिन्स, लाओस आणि दक्षिण व्हिएतनाम यांनी शिक्षणमंत्र्यांची संघटना काढली, आणि 1967 मध्ये पेनांगला विज्ञान-गणिताचं सामायिक केंद्र उभं राहिलं. शिक्षकांना शिकवणारं. इंडोनेशियाही पुढे त्या संघटनेत आला. त्याच पेनांगमध्ये 1972 ला इंटेलने परदेशातला पहिला कारखाना टाकला. त्या केंद्रामुळे टाकला असं मी म्हणत नाही. स्वस्त मजूर आणि करसवलत होतीच.

आणि केंद्र काढलं की झालं, असंही नाही. 2022 च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) गणितात सिंगापूर 575 वर, मलेशिया 409 वर, फिलिपिन्स 355 वर. एकाच पंगतीत बसून एवढा फरक. वर्गात रोज काय चालतं ते शेवटी ज्याचं त्यालाच सुधारावं लागतं. पण निदान शेजाऱ्याने काय केलं हे तरी कळतं. आम्हाला तेही कळत नाही.

धंदा कधीच सीमा मानत नाही. कोल्हापूरच्या शिरोलीत ओतलेलं कास्टिंग बेळगावच्या उद्यमबागेत मशीनिंगला जातं, तिकडचं इकडे येतं. आमची स्पर्धा एकमेकांशी कमी, चीनच्या रेटशी जास्त. मग पोरांचं गणित तेवढं राज्याराज्यात वाटून का घ्यायचं? सरकार करेल तेव्हा करेल. फाउंड्रीवाल्यांनी आणि मशीनशॉपवाल्यांनी वर्षाला रिजेक्शनमध्ये, म्हणजे भंगारात, जातो त्यातला थोडा पैसा यात घातला तरी सुरुवात होते. आपण भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावचे यावर अजून हुज्जत घालतोय, तोवर त्यांचं गणित कुणाच्या कामाला येणार?

येत्या रविवारी कागलचे एक आणि निपाणीचे एक असे दोन गुरुजी आमच्या शॉपमध्ये येतायत. मशीन बंद असतील, चहा असेल. मी भंगारातल्या चौदा पिना टेबलावर मांडून ठेवणार आहे. चार जुने व्हर्नियर आहेत, एकाचा जबडा झिजलाय. कुणाकडे चालू स्थितीतले जास्तीचे असतील तर आणा, वर्गासाठी त्यांच्यासोबत पाठवून देऊ.