जावा फर्न बोअरच्या पाण्यात मरत नाही

मराठवाड्यात मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जावा फर्न, म्हणजे माशांच्या टाकीत लावायचं पाण्यातलं झाड, आपल्या बोअरच्या जड पाण्यात टिकत नाही, त्याला आरओचं पाणी, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आणि खास माती लागतेच, पानामागे काळे ठिपके दिसले की रोग समजून पान कापावं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते मरणारच. हे वाचून नवीन माणूस पुन्हा प्लास्टिकच्या झाडांकडे वळतो, याचं मला वाईट वाटतं.

आधी पाण्याचं बघू. आपलं बोअरचं पाणी बेसाल्टच्या खडकातून येतं, काचेवर पांढरा थर धरतं, हे खरंय. पण जावा फर्नला ते चालतं. उलट निव्वळ आरओच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास उरतच नाही आणि झाडाला दोन्ही लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मात्र मागे राहतात. नुसती वरून भर घालत राहिलात तर पाणी आणखी जड होत जातं. म्हणून दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढायचं आणि मगच नवं घालायचं. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या, टँकरच्या दिवसांत तेवढंच कामी येतं.

सिलिंडरची गरज नाही. त्याने वाढ थोडी वेगाने होते, इतकंच. साधा एलईडी सहा ते आठ तास पुरतो. जास्त वेळ लावलात तर या सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ बसतं.

मातीचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. या झाडाचं आडवं, जाडसर खोड हळदीच्या गड्ड्यासारखं दिसतं, त्यामुळे वसमतकडच्या माणसाचा हात आपोआप ते पुरायलाच जाईल. पुरलंत की ते कुजतं. आग्नेय आशियात आणि आपल्या ईशान्य भारतातही हे फर्न ओढ्याकाठी दगडांना, लाकडांना धरून वाढतं. त्याची बारीक तपकिरी मुळं मुख्यतः पकड धरण्यासाठी असतात, अन्न ते बरंचसं पानांतूनच घेतं. सुती दोऱ्याने दगडाला बांधा, नाहीतर सुपरग्लूच्या जेलचा एक थेंब लावा. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो.

आता ठिपके. पान उलटं करून उजेडात धरा. शिरांमधल्या जागेत सारख्या आकाराचे, उठावदार, तपकिरी-काळे ठिपके दिसले तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. फर्नला फूल येत नाही, त्याचं पुनरुत्पादन असंच चालतं. जुन्या पानाच्या टोकाला किंवा कडेला नखाएवढी पिल्लं फुटतात, केसासारखी मुळं घेऊन. पान कापलंत तर ही पुढची झाडंही कचऱ्यात जातात. पान पारदर्शक होऊन वेडंवाकडं काळं पडत असेल, तर ते मात्र बिघाडाचं लक्षण. तेव्हा खोड दाबून बघा. घट्ट आणि हिरवं असेल तर सगळी पानं गेली तरी नवीन येतात. मऊ आणि वास मारणारं असेल तर तेवढा भाग कापून टाका.

उन्हाळ्याबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. पाणी बराच काळ तिशीच्या वर राहिलं तर फर्न कोमेजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने माशांचेही हाल होतात. पण मे महिन्यात परभणी-नांदेडची हवा इतकी कोरडी असते, की टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका, दिवाही रात्रीच लावा.

मेसेजच्या शेवटी गोल्डफिश हे झाड फस्त करतो असंही आहे. सहसा करत नाही, याची पानं चिवट असतात. मात्र तो दगडाभोवती उकरतो, त्यामुळे त्याच्या टाकीत दोरा दोन वेढे जास्त घ्या.