टाळ धरा आणि गप्प बसा?

‘संत कधी राजकारणात पडले नाहीत. महाराजांनी टाळ वाजवावा, सरकारच्या कामात लुडबुड करू नये.’ निवडणुका आल्या की हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. आमचं घर वारकऱ्यांचं. त्यामागची काळजी मला कळते, पण मजकूर पटत नाही.

पहिलं वाक्य तर सरळ खोटं आहे. १९४२ च्या आंदोलनात तुकडोजी महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ते राहिले. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा त्यांना जागा दिली तनपुरे महाराजांनी, स्वतःच्या मठात. बडव्यांचा विरोध असताना त्याच गावात हे करायला छाती लागते. टाळ धरून गप्प बसणं त्यांनाही जमलं असतं.

‘राज्यघटनेत हे बसत नाही’ असंही त्यात म्हटलंय. बोलण्याचा हक्क महाराजांनाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार बंदी आहे ती धर्माच्या नावावर मत मागण्याला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा निकालाने, ती आणखी कडक केली. दारूबंदीवर, पाण्यावर, शाळेवर बोलायला कुणाची आडकाठी नाही.

‘महाराज बोलले की भाविक डोळे मिटून ऐकतात’ हा मुद्दा मात्र खरा आहे आणि मला तो छळतो. जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी ‘वारी बंद पडणार’ असा प्रचार झाला. २०१३ च्या त्या कायद्यात यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. पण ज्यांनी ते गादीवरून ऐकलं, त्यांनी कायदा कुठे वाचला होता?

म्हणून तोंड बंद करायचं? गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा समोरच्यांनाच प्रश्न विचारायचे, गर्दीतून उत्तरं यायची, त्यातून पुढचा प्रश्न निघायचा. कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालत नाही, हे तिथे बोललं जायचं. आमच्या गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला महाराजांनी एका उमेदवाराला शेजारी उभं केलं, हार घातला, ‘यांना सांभाळा’ म्हणाले. गावात तेव्हा टँकरचं पाणी चालू होतं. मंडपात एवढी माणसं बसली होती, पण पाण्याचं काय, हे त्या उमेदवाराला कुणालाच विचारता आलं नाही. मलाही नाही.